पिशवी खंय?

या, अशा जवळ सरका. दारात उभं राहून गोष्ट ऐकायची नसते. आणि हे काय, आजही हात हलवत आलात? जाताना मी चार आवळे देईन, ओंजळभर शेंगा देईन, मग तुम्ही इकडेतिकडे बघाल आणि विचाराल, "काकू, एखादी पिशवी आहे का हो?" दर वेळी तेच. आमचे मामा असते ना, तर त्यांनी तुम्हाला उंबऱ्यातच अडवलं असतं. फार बोलले नसते. नुसता उजवा हात पुढे केला असता, तळवा वर, आणि विचारलं असतं, "पिशवी खंय?"

खंय म्हणजे कुठे. मालवणकडचे होते ते. माझे नात्याने कोणी लागत नव्हते, पण सगळा सेक्टर त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. ते मला वैनी म्हणायचे. म्हणजे मी त्यांची भावजय आणि ते माझे मामा. हे नातं कोणत्या झाडाला लागतं ते आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही.

चारकोपला तेव्हा नवी घरं होत होती. एका खोलीचं घर, पुढे चौक, चौकाभोवती अशीच पंचवीस-तीस घरं. रस्ता म्हणजे लाल माती, पलीकडे खाडीचा चिखल. वाण्याचं दुकान लांब मोठ्या रस्त्यावर. म्हणून आम्ही बायकांनी मिळून ग्राहक भांडार काढलं. गल्ल्यावर मी बसायची, कारण माझा आवाज मोठा आणि दुपारी मला झोप येत नसे. आमच्या अध्यक्षबाई शिकलेल्या, बँकेत नोकरीला, संध्याकाळी येऊन देखरेख करायच्या. आणि पुडे बांधायला मामा.

पुडे बांधणं म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. तेव्हा डाळ-तांदूळ आजच्यासारखे पाकिटात जन्माला येत नसत. गोणीतून काढायचे, तोलायचे, कागदात बांधायचे. मामांचा पुडा असा की दोरा नसला तरी सुटायचा नाही. चारी कोपरे आत गेलेले, वरून एक थाप. चौकातल्या बायका म्हणायच्या, मामांचा पुडा उघडायला जीव होत नाही.

ती थाप गिरणीतली होती. मामा गिरणीत घडीखात्यात होते. माग चालवणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. सगळं होऊन ठाण तयार झालं की घड्या घालायला यांच्याकडे. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. मग गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता चार वर्षं गेली आणि मामा परळची खोली विकून इथे आले.

मामी सांगायच्या ते ऐकण्यासारखं होतं. गिरणी बंद झाल्यावर पहिले सहा महिने या माणसाने घरातलं सगळं घडी करून टाकलं. लुगडी झाली, गोधड्या झाल्या, पेपर झाले. एक दिवस घरातलं संपलं, तर शेजारणीचे दोरीवर वाळत घातलेले कपडे काढून त्यांच्या घड्या घातल्या आणि तिच्या दारात नेऊन ठेवल्या. शेजारीण भांडायला आली. कपडे ओले होते! मामा तिला म्हणाले, "बाय माझे, हाताक काम होया." होया म्हणजे पाहिजे. शेजारीण कपडे उचलून परत गेली. भांडायला आलेलं माणूस असं काही ऐकलं की परत कसं जातं, तुम्हीही पाहिलं असेल.

तर भांडारात त्यांच्या हाताला काम मिळालं. मी गल्ल्यावरून बघायची. गिऱ्हाईक नसलं तरी हात चालूच. गोणपाटाच्या घड्या, कागदाच्या घड्या. बाईने तिची पिशवी सामानासाठी पुढे केली, की मामा ती आधी उलटी करून झटकणार, सुलटी करणार, मग पुडे रचणार. जड खाली, साबण वेगळा. आणि ज्याच्या हातात पिशवी नाही त्याला तळवा पुढे करून, "पिशवी खंय?"

पण अडचण तिथेच होती. बायका घरून पिशवी आणायच्या. पुरुषमाणसं कामावरून येता येता सामान न्यायची. त्यांच्याकडे कुठली पिशवी? काही जण पुडे छातीशी धरून न्यायचे, अर्ध्या वाटेत साखर सांडायचे. काही मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जायला लागले, कारण तिथे आता प्लास्टिकची पातळ पिशवी फुकट मिळायची. कानाला धरून लटकवायची, ती.

तुम्हाला आज त्या पिशवीचं काय कौतुक! आम्हाला होतं. पहिल्या पहिल्यांदा आम्ही ती धुऊन जपून ठेवायचो. दुधाची पिशवीही नवीनच होती तेव्हा, बाटल्या जाऊन नुकती आलेली. पण जपून जपून किती जपणार? रोज एक-दोन घरात येणारच. मग चालली गटारात. एकदा भांडारासमोरचं गटार तुंबलं आणि पाणी आत शिरलं. साखरेची गोणी बुडाली. मामांनी धोतर वर खोचून, काठी घालून गटार मोकळं केलं. काठीला काय लागलं, तर दुधाच्या पिशव्या. ओंजळी ओंजळींनी. मामा एकेक वर काढून बघत होते. मला म्हणाले, "वैनी, हिची घडीच पडत नाय. हात सोडला काय परत फुगता." त्यांना त्या पिशवीचा राग आला तो असा. घडी न घेणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

थोड्याच दिवसांनी एक जण स्कूटरवरून आला. आमच्याच चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचं प्लास्टिकचं काम होतं. बोलायला गोड. भांडाराचं नाव लाल अक्षरांत छापलेली पिशवी त्याने नमुना म्हणून आणली होती. अध्यक्षबाईंना ती आवडली. का आवडू नये? वाईट बाई नव्हत्या त्या. गिऱ्हाईक टिकवायचं होतं त्यांना. त्यांनी हिशेबाने विचार केला, की पिशव्या घ्यायच्या, डाळ-तांदूळही पुढे तयार पाकिटांत मागवायचे, म्हणजे दुकान झकास दिसेल आणि वेळही वाचेल.

मामा तागडी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं. तयार पाकिटं आली की पुडे कोण बांधणार? पुडे नसले की मामांचं काय काम? हे अध्यक्षबाईंनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. पण मामांचा हात तागडीवर थांबला तो मी पाहिला. एक घडीखातं बंद झालेलं त्यांनी बघितलं होतं. दुसरं समोर बंद होत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आले ते डोक्यावर ट्रंक घेऊन. ट्रंक उघडली तर आत फेंट. फेंट म्हणजे गिरणीतले उरलेले कापडाचे तुकडे, कामगारांना मिळायचे. लेंग्याचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, चादरीचं, गादीपाटाचं. वीस वर्षांचे साठवलेले, आणि घड्या अशा की कडा सुरीने कापल्यासारख्या. मामी मागून आल्या. त्यांना मी विचारलं, तर म्हणाल्या, गिरणीची तेवढीच आठवण घरात होती, आता तिच्या पिशव्या शिवायच्या म्हणतात.

तीस पिशव्या झाल्या. मामांनी कापल्या, मामींनी मशीनवर शिवल्या. मग मामांनी एका फळीवर तीस खिळे ठोकले आणि फळी दाराशी लावली. रीत अशी, की ज्याच्याकडे पिशवी नाही त्याने खिळ्यावरची न्यायची आणि पुढच्या खेपेला परत आणायची. मी वही काढली, कोणी कुठली नेली ते लिहायला. मामांनी वही मिटली. "नाव लिवला काय माणूस चोर ठरता, वैनी. खिळो बघूया. खिळो खोटा बोलत नाय."

अध्यक्षबाईंनी फळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे मामा. दिवाळीपर्यंत बघू. वसुबारसेला मी येईन. तीसच्या तीस पिशव्या खिळ्यावर दिसल्या, तर प्लास्टिकवाल्याला नाही म्हणून सांगते. नाही दिसल्या तर मग तुम्ही मला काही बोलायचं नाही."

मामांनी मान हलवली. दसरा नुकताच होऊन गेला होता.

आता पुढचं जे सांगते त्यात चूक माझी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मामांना बोल लावणार नाही.

पहिली पिशवी परत आली ती कोपऱ्यातल्या घरातल्या बाईंकडून. नवीन लग्न झालेली मुलगी, सासर चिपळूणचं. ती आली, पिशवी पुढे केली, तर पिशवीत कढीपत्त्याच्या दोन काड्या. मी म्हटलं, हे काय? तर लाजून म्हणाली, "रिकामी कशी देऊ?"

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शेजारून वाटीत काही आलं तर वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. मला काय आनंद झाला! दुकानात सात-आठ बायका उभ्या होत्या. मी आपल्या या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "याला म्हणतात वळण! बघा गं, बघा. रिकामी नाही आणली पोरीने." आणि कढीपत्ता सगळ्यांना फिरवून दाखवला. वर त्या काड्या गल्ल्यापुढे पाण्यात घालून ठेवल्या.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पिशव्या भरून यायला लागल्या. कोणाची दोन लिंबं, कोणाच्या चार मिरच्या, कोणाचा खोबऱ्याचा तुकडा. गंमत वाटायची. मामांना तर पिशवीत हात घालून काय निघतं ते बघायची मुलासारखी हौस लागली. आमच्याकडे मासे विकायला येणारी बाई होती, चारकोप गावातली कोळीण. तिनेही एकदा पिशवी नेली होती. तिने परत आणली ती आत दोन सुके बोंबील घालून. मामांनी आत हात घातला, बाहेर काढला, आणि एवढं समाधान त्यांच्या तोंडावर! पण त्या पिशवीतून पुढे ज्यांनी चहाची पूड नेली, त्यांच्याकडे आठवडाभर पाहुणा टिकला नाही म्हणतात.

आणि मग पिशव्या येईनाशा झाल्या.

महिना संपत आला होता. आधी पाच खिळे रिकामे, मग नऊ, मग सोळा. माणसं सामानाला यायची, पण हातात दुसरंच काहीतरी. जुनं धोतर काय, उशीचा अभ्रा काय. एक जण तर छत्री उलटी धरून तिच्यात पुडे घेऊन गेला. पिशवीचं विचारलं की म्हणायचे, "राहिली घरी, आणतो." आणि नजर चुकवायचे. मामांनी हात पुढे करणंच सोडलं. सकाळी येऊन फडक्याने खिळे पुसायचे. रिकामे खिळे पुसणाऱ्या माणसाकडे बघवत नाही हो.

मी मनातून लोकांवर चिडले होते. म्हटलं, फुकटचं मिळालं की माणूस असाच. एक दिवस दुपारी उठले आणि त्याच चिपळूणकडच्या मुलीच्या घरी गेले. दार उघडलं, तर दारामागेच पिशवी टांगलेली. स्वच्छ धुतलेली. मी हात लावला तशी ती रडवेलीच झाली.

"काकू, आणणारच होते. पण या आठवड्यात घरात घालण्यासारखं काही नाही हो. ह्यांचा पगार व्हायचाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिला म्हटलं, अगं, काही घालायला कोणी सांगितलं तुला? तर ती हळूच म्हणाली, "तुम्हीच ना."

दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले. सगळीकडे तेच. दारामागे पिशवी, धुतलेली, आणि महिनाअखेर. एकीने तर मला बघून घाईघाईने पिशवीत गुळाचा खडा टाकला. तो तिच्या घरातला शेवटचा होता, डब्याचा आवाजच सांगत होता. मी तो परत डब्यात टाकला आणि रिकामी पिशवी घेऊन बाहेर आले. माझ्या तोंडानेच माझा घात केला होता. माझा कुठला, मामांचा.

मामांना सांगायला गेले तेव्हा ते घरात चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, मी कौतुक करायला गेले आणि तुमच्या पोटावर पाय दिला. आता उद्या दुकानात ओरडून सांगते, रिकामी आणा म्हणून.

मामा म्हणाले, "नाय आणूचे. तुम्ही सांगितलात म्हणून रीत थोडीच मोडतली? माझी बायको आणीत काय रिकामी?"

आतून मामी म्हणाल्या, "मी नाही आणणार."

मामा हसले. दारामागे पिशव्या धुऊन ठेवल्यात म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला होता. लोकांनी पिशव्या लांबवल्या नव्हत्या, हे कळलं तेवढ्यानेच निम्मं दुखणं गेलं. चहा संपवून ते उठले. मोरीवरच्या तारेला दुधाची पिशवी वाळत टाकलेली होती. मामी त्या धुऊन ठेवायच्या, कधी कामाला येतील म्हणून. मामांनी ती काढली. मांडीवर ठेवली, तळव्याने दाबून हवा काढली, आणि बराच वेळ तिच्याशी खटपट करत बसले. अखेर चार पदर केले आणि टोक आत खुपसलं. या वेळी ती फुगली नाही. मग माझ्या हातातली कापडी पिशवी घेतली, ती घडी आत टाकली आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

"रिकाम्यात रिकामी घातली. आता सांगा वैनी, ही रिकामी काय?"

बघा ना, दुधाची पिशवी कोणाच्या घरात नाही? पगार झालेला असो की नसो, कपभर दूध चहाला येतंच. रीतही राहिली, लाजही राहिली, आणि गटारात जायचं ते पिशवीत आलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा आवाज पहिल्यांदा कामाला लावला. चौकाचौकातून सांगत फिरले, की मामांना दुधाच्या पिशव्या हव्यात, धुऊन, वाळवून. भांडाराच्या पिशवीत तेवढंच घालायचं, दुसरं काही घातलेलं मामांना चालणार नाही. कशाला हव्यात विचारलं, तर मी म्हणायची, ते मामांना विचारा. खरं म्हणजे कशाला हव्यात ते मामांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सहा पिशव्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी चार. कोळीण ओरडत आली, की दुधाची पिशवी घालायची तर आधी सांगायचं ना, मी दूध पीत नाही, शेजारणीकडून मागून आणली. तिच्या पिशवीला अजून वास होता, पण मामांनी ती खिळ्यावर मधोमध लावली.

वसुबारसेला अध्यक्षबाई आल्या. दुकानात दिवाळीची गर्दी, पण त्या फळीपुढे उभ्या राहिल्या तशा बायका मागे सरल्या. बाईंनी बोट लावून लावून मोजलं. मामा तागडीपाशी, पाठ करून. एकोणतीस झाल्या. तिसावा खिळा रिकामा.

मला वाटलं, आता संपलं. मी तोंड उघडणार होते, पण त्या महिन्यात तोंडाने एवढं करून ठेवलं होतं की म्हटलं, नको. बाई त्या खिळ्याकडे बघत उभ्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ती आमच्याकडे आहे हो. ह्यांच्या डब्याला. पहिल्या आठवड्यात नेली होती, ह्यांना इतकी आवडली की देतच नाहीत."

हळूच म्हणाल्या, पण मामांचे कान तिखट. मामा वळले. हात पुढे केला, तळवा वर. आणि अध्यक्षबाईंना, सगळ्यांसमोर, अगदी मायेने म्हणाले, "बाई, पिशवी खंय?"

दुकान हसलं. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी बाईंचे साहेब स्वतः पिशवी घेऊन आले, आत तीन दुधाच्या पिशव्या. मामांनी त्यांना ती तशीच परत दिली. म्हणाले, डब्याक ठेवा, पण पावसाळ्यात वाळवा.

प्लास्टिकवाला परत आला तेव्हा मामांच्या मागे दुधाच्या पिशव्यांचं पोतं भरलेलं होतं. सगळ्या धुतलेल्या, प्रत्येकीची घडी. त्याने एक घडी उलगडून पाहिली. म्हणाला, "मामा, माझा धंदा बुडवलात आणि वर माल साफ करून ठेवलात?" त्याच्या शेजारच्या गाळ्यात असलाच माल वितळवून बादल्या आणि टमरेलं बनवत. स्वच्छ मिळत नाही म्हणून रडत. त्या दिवसापासून तोच स्कूटरला पोतं बांधून न्यायचा. जाताना मामांची थट्टा करायचा, की एवढ्या घड्या कशाला, आम्ही वितळवतोच ना. मामा म्हणायचे, वितळवण्याआधी तरी नीट दिसू दे.

मला ती घडी शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. दुधाच्या पिशवीची नव्हे, कापडी पिशवीची. बंद आत, शिवण खाली, चार पदर, वर थाप. माझे बंद नेहमी बाहेर यायचे. मी ओढून, दाबून, चेपून बसवायची. मामा म्हणायचे, "कापडाशी भांडान चलत नाय, वैनी. शेवटी कापड जिकता." भांडणं हा माझा स्वभावच. त्याला मी काय करणार?

तीन वर्षं चाललं. मग मामींचे गुडघे गेले आणि दोघं गावी जायला निघाली. निघायच्या दिवशी मी लाडू केले, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधले आणि ते भांडाराच्या निळ्या पट्ट्यांच्या पिशवीत घालून दिले. बोरिवलीला एसटी सुटताना मामा खिडकीतून म्हणाले, "पिशवी धाडतंय, वैनी." मी म्हटलं, राहू दे हो, आता कशाला. तर रागावले. म्हणाले, खिळो रिकामो ऱ्हवता नये.

दोन महिन्यांनी त्यांच्या गावचा कोणीतरी माणूस दारात आला. हातात निळ्या पट्ट्यांची पिशवी. आमसुलांच्या पुडक्याभोवती तिची चौकोनी घडी, बंद आत, शिवण खाली. पुडकं म्हणजे तीच माझी लाडवांची दुधाची पिशवी. मी मेथीचे लाडू केले, मामींच्या गुडघ्यांसाठी, आणि पिशवी परत पाठवली. अशी ती तीन वेळा गेली आणि तीन वेळा आली. पत्र कधी नाही. पत्राची गरजच नव्हती. घडी बघितली की कळायचं, माणूस बरा आहे.

एव्हाना इकडे भांडार बंद पडत आलं होतं. तयार पाकिटं आली, ती कानाला धरायची पिशवीही आली. खोटं कशाला सांगू? फळी मी घरी आणली.

चौथ्या वेळी पिशवी यायला उशीर झाला. मग आली. तोच माणूस, दारात उभा. आत आमसुलं होती, मामी काही झालं तरी रिकामी पाठवणाऱ्यातल्या नव्हत्या. पण पिशवी नुसती गुंडाळलेली होती आणि बंद बाहेर लोंबत होते.

तो माणूस काही सांगायला लागला. मी म्हटलं, बस जरा, पाणी घे आधी.

ती बघा, दारामागे, त्या फळीवर, एकाच खिळ्याला आहे. बाकीच्या कुठे कुठे गेल्या, कोणाच्या डब्याला, कोणाच्या पायपुसण्याला. हिची घडी मी इतक्या वेळा घातली, पण बंद बाहेरच राहतात. काढा ती. आवळे तिच्यातच घ्या, शेंगा वर ठेवा, जड खाली. संकोच नको, ती ठेवून द्यायला शिवलेलीच नाही.

फक्त लवकर परत घेऊन या. घालायला काही नसलं तर दुधाची पिशवी धुऊन घाला, मला चालेल. आणि तुमच्या हाताने घडी नीट पडली, तर मला दाखवा. मी खिळा पुसून ठेवते. पुढच्याच आठवड्यात या.